दुखवट्यातलं लग्न

राजा सोमवारी गेला, आणि बुधवारच्या दुपारपर्यंत लारवुडांच्या स्वयंपाकघरात किती वाजले यावरून दोन भांडणं होऊन गेली.

पहिलं सकाळी झालं. थोरला सिरिल स्टेशनवरची पाळी संपवून डोकावला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "बाबा, हे अजून तसंच?" म्हणाला आणि काटा मागे करायला खुर्चीवर चढला. तोच एझ्रा ओरडला, "हात काढ!" चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला सिरिल शाळकरी पोरासारखा निमूट खाली उतरला. दुसरं भांडण अंडी घेऊन येणाऱ्या बाईशी झालं. ती म्हणाली मी वेळेवर आले, एझ्रा म्हणाला तू अर्धा तास उशिरा आलीस, आणि दोघांचंही खरं होतं.

सँड्रिंगहॅमच्या इस्टेटीवर घड्याळं अर्धा तास पुढे असायची. परवा गेलेल्या राजाच्या वडिलांनी ही रीत पाडली होती, थंडीत शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून. मुलाने ती बापाची आठवण समजून पंचवीस वर्षं पाळली. एझ्राचा जन्म त्या घड्याळांना चाव्या देण्यात गेला होता. सोमवारी राजाचे डोळे मिटले आणि नव्या राजाचा हुकूम आला की घड्याळं जगाच्या वेळेवर आणा. एझ्राला अंथरुणातून उठवून नेलं. तो मंगळवारी उजाडल्यावर घरी आला, बूट न काढता चुलीजवळ बसला आणि म्हणाला, "अजून अंग गार झालं नव्हतं, हेस्टर." एवढंच. तेव्हापासून त्याने स्वतःच्या घरातल्या घड्याळाला हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही.

त्याच्या बायकोने, हेस्टरने, त्याला दोन दिवस काही विचारलं नाही. तिचं स्वतःचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शनिवारी लेकीचं, विनीचं लग्न होतं. डुकराची मांडी उकडून कोठीत टांगली होती, केकवर मलमलीचं फडकं घातलं होतं, आणि त्यावर घरातलं कुणी एक अक्षर बोलत नव्हतं.

बुधवारी जेवताना एझ्राच बोलला. बटाटा काट्याने मोडता मोडता म्हणाला, "शनिवारचं पुढे ढकलायचं."

हेस्टरच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. समोर बसलेल्या विनीने मान वर केली नाही.

"पुढे म्हणजे कधी?" हेस्टरने विचारलं.

"मंगळवारी विंडसरला दफन आहे. त्यानंतर लगेच काही बरं दिसत नाही. मग उपासाचे चाळीस दिवस लागतात, त्यात पाद्रीसाहेब लग्नं लावत नाहीत. ईस्टर झाला की करू."

"ईस्टर एप्रिलात आहे, बाबा," विनी ताटाकडे बघत म्हणाली.

"मग? एप्रिलात फुलं तरी मिळतात. आत्ता काय हातात धरणार आहेस, कोबी?"

एझ्राची थोरली बहीण केझाया मंगळवारपासून काळ्या कपड्यात येऊन बसली होती. तिचं घर दोन दारं पलीकडे, पण विधवा झाल्यापासून ती जेवायला इथेच असायची. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. ज्या राजाचं मीठ खाल्लं त्याची शवपेटी चर्चमध्ये ठेवलीय, आपल्याच गावचे पोरगे पाळीपाळीने तिथे पहाऱ्याला उभे आहेत, तुझा स्टॅन्लीसुद्धा. आणि आपण केक कापायचा? लोक शेण घालतील तोंडात."

"शनिवारपर्यंत पेटी लंडनला गेलेली असेल, आत्या."

"म्हणजे पाहुणा दाराबाहेर पडला की नाचायचं, असं?"

"नाचायचं कोण म्हणतंय? चर्चमध्ये जायचं, सही करायची, घरी यायचं."

"मग एवढी घाई कसली?" केझायाने विचारलं.

विनीने पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

घाई कसली हे हेस्टरला ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी धुण्याच्या खोलीत विनीने तिला सांगितलं होतं. तिसरा महिना लागला होता. स्टॅन्ली रिक्स इस्टेटीवर शिकार राखणाऱ्यांतला धाकटा रखवालदार. पोरगा चांगला होता, पण त्यालाही विनीने अजून कळू दिलं नव्हतं. "शनिवार होऊ दे आई, मग सांगते. आधी सांगितलं तर त्याला वाटेल मी बांधून घेतलं." तेव्हा हेस्टरने तिचे ओले हात पुसले आणि म्हणाली, शनिवार काही लांब नाही.

आता तो लांब गेला होता. एप्रिलात विनीला एकाही झग्याची बटणं लागली नसती.

हेस्टरने तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण या गोष्टीला हात घालायचा तर तिच्याखाली पुरलेली दुसरी गोष्ट वर येणार, आणि ती पस्तीस वर्षांत दोघांनी एकदाही वर काढली नव्हती. हेस्टरचं लग्न मुळात एझ्राशी ठरलंच नव्हतं. ते त्याच्या मोठ्या भावाशी, थॉमसशी ठरलं होतं. तारीख होती एकोणीसशे एकच्या फेब्रुवारीतली दुसरी. म्हातारी राणी जानेवारीच्या बावीसला गेली आणि तिचं दफन नेमकं त्याच शनिवारी आलं. सासऱ्यांनी लग्न ईस्टरनंतर ढकललं. थॉमस मार्चमध्ये आफ्रिकेच्या लढाईवर गेला आणि मे महिन्यात तिकडे विषमज्वराने मेला. हेस्टरला तेव्हा पाचवा महिना होता. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एझ्रा तिच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. जूनमध्ये लग्न झालं, सप्टेंबरात सिरिल झाला. गावाने बोटं मोजली आणि एझ्राकडे बघून डोळे मिचकावले. भाऊ जाऊन महिना नाही झाला अन् याचं बघा, असंही लोक म्हणाले. तो सगळं ऐकून घ्यायचा. खरं काय ते या दोघांना ठाऊक आणि तिसरी केझाया. सिरिलला नाही.

त्या माणसापुढे जाऊन आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझ्या लेकीचंही तसंच झालंय?

विनी म्हणाली, "पाद्रीसाहेबांनी तीनला बोलावलंय, काय ते नक्की करायला. स्टॅन्लीही पहाऱ्यावरून सुटून येतोय. सगळेच जाऊ. त्यांच्यासमोर ठरवू."

"तीनला ना? बघू," म्हणत एझ्रा उठला आणि चुलीजवळच्या खुर्चीत जाऊन त्याने डोळे मिटले.

हेस्टरने भांडी घासली. विनी वर जाऊन केस विंचरून आली आणि किंचाळली, "आई! तीन वाजून गेले!"

"नाही गं, ते बाबांचं घड्याळ. खरे पावणेतीनच झालेत."

"पण स्टॅन्ली कुठल्या तीनला येईल?"

"तो चर्चमधून येणार. तिथलं घड्याळ मागे केलंय."

"आणि पाद्रीसाहेब?"

हेस्टर थांबली. पाद्रीसाहेब लंडनची वेळ पाळायचे, पण इस्टेटीतल्या माणसांशी बोलताना अर्धा तास मिळवून सांगायची त्यांना सवय होती. आता ते मिळवतात की नाही? "चल तर खरी," ती म्हणाली. "वाटेत कळेल."

शाल घेताना तिचं लक्ष चुलीकडे गेलं. खुर्ची रिकामी होती. खुंटीवर एझ्राची टोपीही नव्हती.

पाद्रीसाहेबांच्या घरी त्या पोचल्या तेव्हा स्टॅन्ली फाटकाशी उभा होता. दंडाला काळी फीत, डोळे जागरणाने लाल. तिघं आत गेली. पाद्रीसाहेबांनी त्यांच्याकडे गोंधळून पाहिलं.

"मिसेस लारवुड? काही राहिलं का? एझ्रा आत्ताच तर येऊन गेले. अर्धा तास झाला असेल."

"येऊन गेले?"

"बरोब्बर अडीचला. मला वाटलं तीन म्हणालो होतो, पण तुमच्याकडे या दोन दिवसांत..." त्यांनी हात हलवला. "असो. ते म्हणाले घरात सगळ्यांचं एकमत झालंय. मला फार बरं वाटलं. मी ऑर्गनवाल्याला निरोपही धाडला. शनिवारी आता स्मरणाच्या प्रार्थनेची तालीम ठेवलीय."

"एकमत झालेलं नाही," विनी म्हणाली.

पाद्रीसाहेबांनी हेस्टरकडे पाहिलं. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून आलं, "म्हणजे... तसं पूर्ण झालं नव्हतं."

"विनी सज्ञान आहे. कायद्याने तिला कुणाला विचारायची गरज नाही. पण एझ्राने मला शब्द द्यायला लावला. मी तीस वर्षं ओळखतो त्यांना. ते स्वतः येऊन म्हणाले तर मी उद्यादेखील बदलीन. बापाच्या पाठीमागे मात्र मला नाही करवणार."

बाहेर फाटकाशी आल्यावर स्टॅन्लीने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "विनी, रागावू नकोस. पण मोठे रखवालदारही म्हणत होते, या आठवड्यात लग्न म्हणजे जरा... साहेब लोकांच्या डोळ्यावर येतं. झोपडी मिळायची आहे आपल्याला. एप्रिल काय, चुटकीसरशी येईल."

"तूसुद्धा?"

"मी काय वाईट बोललो?"

"काही नाही. छान बोललास. एप्रिलात ये, मी असेन तोवर एवढी." तिने पोटापुढे दोन्ही हात धरून दाखवलं.

स्टॅन्लीला कळायला वेळ लागला. त्याने हेस्टरकडे पाहिलं, जणू तिने सांगावं की ही थट्टा आहे. हेस्टरने नजर वळवली. मग तो फाटकाच्या खांबाला टेकला आणि म्हणाला, "अरे देवा. आणि मी रात्रभर उभं राहून विचार करत होतो, हिला एक सायकल घेऊन द्यावी."

विनीला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. स्टॅन्लीने तिला जवळ ओढलं, पण दंडावरच्या काळ्या फितीची टाचणी तिच्या गालाला लागली.

"मी आत्ता जाऊन बाबांना सांगतो," तो म्हणाला.

"नाही! कुणीही सांगायचं नाही. आई, शपथ घे."

हेस्टरने शपथ घेतली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

संध्याकाळच्या चहाला सिरिल आला. उद्या राजाची पेटी त्याच्याच स्टेशनवरून लंडनला जायची होती. रूळ, फलाट, काळं कापड, सगळी गडबड त्याच्या अंगावर होती. केझायाने भाजलेली हेरिंग मासळी आणली होती. एझ्रा टेबलाच्या टोकाला बसून ब्रेडला लोणी लावत होता.

"तू गेलास आणि आम्हाला हाकसुद्धा मारली नाहीस," हेस्टर त्याला म्हणाली.

"तीन वाजले होते. तुम्ही दोघी वर-खाली करत होतात. मला वाटलं तुमचं यायचं नाही."

"अडीच वाजले होते, बाबा!" विनी म्हणाली.

"माझ्या घरात तीन वाजले होते."

सिरिलला हे सगळं नुकतंच कळलं होतं. आता दमलेल्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना विने. शनिवारी मला सुट्टी मिळेल असं दिसत नाही. माझ्यावाचून करणार होतीस का? आणि थांबल्याने काय बिघडतं? आईबाबांचंच घे. त्यांचंही लग्न राणीच्या सुतकापायी लांबलं होतं ना? आत्या सांगते की. काय वाईट झालं त्यांचं?"

एझ्राची सुरी ब्रेडवर होती तिथेच राहिली. केझाया खोकली.

"चहा घे," हेस्टर सिरिलला म्हणाली. त्याचं नाक, त्याचा तो एका बाजूने वर जाणारा ओठ. तिला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात केझायाने विनीच्या ताटात हेरिंग वाढली. विनीने ताट मागे सारलं, रुमाल तोंडाला लावला आणि परसात पळाली. केझाया चमचा हातात धरून दाराकडे बघत राहिली. मग तिने हेस्टरकडे पाहिलं. हेस्टरने डोळे खाली घेतले, आणि तेवढं पुरलं.

"एझ्रा," केझाया म्हणाली, "लग्न शनिवारीच होऊ दे."

"काय?"

"शनिवारी. ठरल्याप्रमाणे."

"अगं, तूच दुपारी म्हणालीस ना, लोक शेण घालतील म्हणून?"

"लोकांना काय, ते कशावरूनही घालतात."

"आणि मीठ खाल्लं ते?"

"मीठ खाल्लं म्हणून काय पोरीला खारवून ठेवायची? बिचारा राजा स्वतः कसा साधा होता. त्याने नसतं अडवलं."

"तुला काय माहीत त्याने काय केलं असतं!" एझ्राने टेबलावर मूठ आपटली. "दर सोमवारी वाड्यातल्या बोळात चाव्या देताना मी त्याला बघायचो. अंगठीच्या बोटाने हवामानाच्या यंत्रावर टकटक करणार, जहाजावर असल्यासारखा. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. तो जाऊन एक रात्र नाही सरली, आणि त्याची वेळ काढून टाकली. ती मी काढली, या हातांनी! आता त्याच हातांनी मी शनिवारी पोरीला घेऊन मिरवत चर्चमध्ये जाऊ?" त्याचा आवाज फाटला. "मला कळत नाही तुम्हा बायकांचं. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"मलाही कळत नाही," सिरिल म्हणाला. "आत्या, आता मी कोणाच्या बाजूने आहे?"

परसातून विनीच्या ओकण्याचा आवाज आला. एझ्रा म्हणाला, "हेरिंग शिळी असणार," आणि ताट सरकवून झोपायला निघून गेला. त्याच्या घड्याळात तेव्हा साडेसहा झाले होते.

गुरुवारी सकाळी अख्खं गाव स्टेशनच्या रस्त्याला उभं होतं. वारा समुद्रावरून सरळ येत होता. बायकांनी स्कर्ट मुठीत धरले होते, म्हाताऱ्यांना बसायला कुणी खुर्च्या आणल्या होत्या. हेस्टर आणि एझ्रा कुंपणाच्या वळणाशी, इतरांपासून जरा बाजूला होते. विनी केझायाबरोबर पलीकडे उभी होती. स्टॅन्ली पेटीबरोबर चालत येणार होता.

लांबून अजून काही ऐकू येत नव्हतं. हेस्टरने सबंध वाट मनाशी वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"विनीला दिवस गेलेत, एझ्रा. तिसरा महिना आहे."

तो रस्त्याकडेच बघत राहिला. "स्टॅन्लीचं?"

"मग काय दुसऱ्या कुणाचं?"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. काल त्याला कळलं. केझायाला हेरिंगने सांगितलं."

एझ्राने मान हलवली. हातमोजा काढला, पुन्हा घातला. ती त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं.

"थॉमस माझ्याकडे आला होता," तो म्हणाला.

तिला वाटलं, दोन दिवसांच्या जागरणाने याचं डोकं फिरलं. हे नाव त्याच्या तोंडून तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. "कधी?"

"राणी गेली त्या महिन्यात. तबेल्यामागे. म्हणाला, हेस्टरला दिवस गेलेत. मला वडिलांशी धड बोलता येत नाही, बोलायला गेलो की भांडण होतं. तू त्यांचा लाडका, तू सांग. सगळं खरं सांग आणि लग्न आहे त्या आठवड्यात उरकून घ्यायला लाव."

"मला माहीत आहे ते. त्याने मला सांगितलं होतं. म्हणाला, एझ्राने खूप सांगून पाहिलं, वडील हटत नाहीत." हेस्टर त्याच्याकडे वळली. "मी तेव्हा म्हणाले होते, निदान एझ्राने प्रयत्न तरी केला."

"केला नाही."

"काय केला नाही?"

"मी वडिलांकडे गेलो. ते डगमगतच होते, हेस्टर. तयारी झालेली, पाहुणे बोलावलेले. मी म्हणालो, राणीच्या दुखवट्यात बरं दिसत नाही, थॉमसलाही असंच वाटतंय. ते हो म्हणाले. मग थॉमसला येऊन सांगितलं, ऐकत नाहीत."

रस्त्याच्या टोकाला गर्दीत हालचाल झाली. पाइपच्या वाद्याचा बारीक सूर वाऱ्यावर आला आणि पुन्हा बुडाला.

"का?" तिने विचारलं.

"तो लढाईवर जाणार होता. तू इथे राहणार होतीस. त्यापुढे मी काही विचार केला नाही. तो मरेल असं वाटलं नव्हतं मला. देवाशपथ नाही."

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"लोक म्हणायचे, एझ्राने आपल्या राजपुत्रासारखं केलं, हा राजा तेव्हा राजपुत्रच होता. त्याचाही मोठा भाऊ गेला, आणि त्याने भावाच्या ठरलेल्या मुलीशी लग्न केलं, सुखाने संसार केला. केझाया तर तेव्हा ज्याला त्याला सांगायची, पुढे सिरिलला मात्र नाही सांगितलं. मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं लाजतोय." तो थांबला. "बोळात तो समोरून आला की मला वाटायचं, याचं कसं स्वच्छ आहे. भाऊ तापाने गेला, याने काही केलं नव्हतं. मी त्याच्या घड्याळांना कधी एक मिनिट चुकू दिलं नाही. त्याने काय होणार होतं, मला सांगता यायचं नाही."

पेटी आली. तोफेच्या गाड्यावर, झेंड्यात गुंडाळलेली. मागून एक जण राजाचं पांढरं तट्टू लगामाने चालवत होता. त्या तट्टूला काही कळत नव्हतं, ते दोन्ही बाजूंच्या माणसांकडे कान टवकारून बघत होतं. पुरुषांच्या टोप्या उतरल्या. स्टॅन्ली समोरून गेला, नजर सरळ. बायका हुंदके देत होत्या, आणि हेस्टरही रडत होती. जवळ सरकलेल्या एका बाईने तिचा हात धरून म्हटलं, "बापासारखा होता हो." हेस्टरने मान हलवली. आपण कुणासाठी रडतोय हे तिला काही केल्या ठरवता येईना. राजासाठी नव्हे, एवढं नक्की. थॉमसचा चेहरा आठवायला गेली तर सिरिलचा समोर यायचा. तिच्या सव्विसाव्या वर्षी तिला न्युमोनिया झाला तेव्हा उशाशी नऊ रात्री बसलेला एझ्रा आठवला आणि त्याचा राग येईना. आणि राग येत नाही म्हणून स्वतःचाच भयंकर राग आला.

अंत्ययात्रा वळणाआड गेली. टोप्या डोक्यावर गेल्या. एझ्राने मात्र आपली हातातच ठेवली. तो रस्ता ओलांडून सरळ पाद्रीसाहेबांपाशी गेला. ते काय बोलले हे वाऱ्यात ऐकू आलं नाही. एझ्रा बोलत होता, पाद्रीसाहेब ऐकत होते. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पलीकडून विनी आईकडे बघत होती, हाताने विचारत होती, काय, काय झालं? हेस्टरने खांदे उडवले.

शनिवारी अकरा वाजता लग्न लागलं. घंटा वाजवल्या नाहीत. पुरुषांच्या दंडावर काळ्या फिती होत्या, आणि विनीचे हात रिकामे नकोत म्हणून केझायाने कुठूनशा स्नोड्रॉपच्या पांढऱ्या फुलांच्या दोन मुठी आणल्या होत्या. सिरिलला एक तासाची सुट्टी मिळाली. तो स्टेशनच्या गणवेशातच मागच्या बाकाशी उभा राहिला. एझ्रा विनीला घेऊन आला तेव्हा इतका सावकाश चालत होता की पाद्रीसाहेबांना पुस्तकाचं पान दोनदा उलटावं लागलं. गावातले काही जण आले नाहीत. जे आले त्यांनी बोटं मोजली असतील, तर मोजोत.

घरी आल्यावर विनीने आईला कोठीत गाठलं. "बाबा कसे तयार झाले गं? तू सांगितलंस ना? रागावले?"

"नाही रागावले."

"मग काय म्हणाले?"

"तुझ्याबद्दल? काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मलाही नीट कळलं नाही, विनी. जा, स्टॅन्ली एकटा उभा आहे. केझायाच्या तावडीतून सोडव त्याला."

बाहेर केक कापला गेला. सिरिल मोठ्याने काहीतरी विनोद सांगत होता आणि एका बाजूने ओठ वर करून हसत होता. एझ्रा त्याच्याकडे बघत होता. नेहमी बघायचा तसाच. की आजच वेगळा, हेस्टरला सांगता येईना.

तिने सगळ्यांच्या कपात चहा ओतला. लग्न झाल्यापासून एझ्राच्या चहात साखर तीच घालायची, दोन चमचे, आणि ढवळून मग कप त्याच्या पुढ्यात ठेवायची. आज तिने कप ठेवला आणि साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

एझ्राने भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग स्वतःच्या हाताने एक चमचा घातला, थांबला, दुसरा घातला, आणि बराच वेळ ढवळत राहिला. ती हातात किटली धरून उभी होती. पाय दुखत होते. टेबलाभोवती एकच खुर्ची रिकामी होती, त्याच्या शेजारची. हेस्टर थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग किटली खाली ठेवून तिथे बसली.

"गोड झाला," एझ्रा हळूच म्हणाला.

"पी मग," ती म्हणाली.